लॅपटॉप बंद पडतो म्हणून स्टेजवरून उतरवायचा का?

शहापूरकर

आमच्या भागातल्या एका भजन स्पर्धेच्या नियमपत्रकात यंदा एक ओळ वाढली आहे: लॅपटॉप, ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेलं संगीत) आणि की-बोर्डचा रिदम चालणार नाही. कारण गेल्या वर्षीचं. एका मंडळाने तानपुरा, स्वरमंडळ आणि बासरीचे तुकडे लॅपटॉपवरून लावले होते. गजर चढत गेला तशी तडतड सुरू झाली आणि शेवटी आवाजच गेला. पोरांनी पेटीवर सावरून घेतलं, पण तोवर परीक्षकांचं लिहून झालं होतं.

मी या बंदीच्या विरोधात आहे. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी स्क्रीन पाहिली. बफर, म्हणजे लॅपटॉप पुढचा आवाज तयार करून ठेवतो तो साठा, फक्त ६४ सँपल! लॅपटॉपमधून ना माईक जात होता ना की-बोर्ड, नुसते तयार तुकडे वाजत होते, मग ६४ कशाला? बफर जितका कमी तितकं चांगलं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं आहे, पण तुम्ही वाजवलेलं लॅपटॉपमधून फिरून परत तुमच्याच कानात यायचं असेल तेव्हा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सँपल) ६४ सँपल म्हणजे १.३ मिलिसेकंद. दर वेळी एवढ्यात पुढचा आवाज तयार करून द्यायचा, आणि मध्येच वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवला की आवाजात खंड पडतो. तीच ती तडतड. बफर १०२४ ठेवला असता तर २१ मिलिसेकंदांची सवड मिळाली असती आणि ऐकणाऱ्याला काडीचा फरक कळला नसता. शिवाय वायफाय चालू, बॅटरी सेव्हर चालू, आणि इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज आतबाहेर नेणारा डबा) एका स्वस्तातल्या यूएसबी हबमधून जोडलेला.

पखवाजाची वादी तुटली म्हणून पखवाजावर कुणी बंदी घालत नाही. पुढच्या वेळी वाद्या तपासून नेतात. लॅपटॉपलाच वेगळा न्याय का? विरोधात असाल तर कारणासकट लिहा.

येळ्ळूरचा पखवाज

दादा, वादी तुटायच्या आधी सैल पडते, हाताला कळते. लॅपटॉप कुणाला सांगून बंद पडत नाही. पण ते राहू दे. माझा विरोध तो बंद पडतो म्हणून नाही. तो न थांबता चालला तर जास्त त्रास.

अभंग धरताना भजनी ठेक्याची लय एक असते, चरण उचलला की दुसरी होते. कुणी मोजून ठरवत नाही. बुवांनी मान हलवली, मृदंगाने ओळखलं, टाळ मागोमाग आले. आता ट्रॅकशी जुळवायला माझ्या कानात टिकटिक घातली की माझं लक्ष बुवांवरून उडालं. मध्येच बुवांना प्रमाण सुचतं. चाल सोडून ते दुसऱ्या संतांचा अभंग घेतात, तिथे रमतात, मग परत मूळ चरणावर येतात. किती वेळ लागेल ते त्यांनाही आधी माहीत नसतं. तोवर तुमचा ट्रॅक पुढच्या अंतऱ्यात पोचलेला. आमच्याकडे तर समोर कोण बसलंय ते बघून मराठी अभंगामागून पुरंदरदासांचं कन्नड पद घेतात. हे आदल्या रात्री लॅपटॉपमध्ये कसं भरायचं, सांगा की.

बंदी योग्य आहे. उशिरा आली एवढंच.

निपाणी साऊंड

येळ्ळूरकर म्हणतात ती अडचण खरी, पण ती एका सरळ रेषेत वाजणाऱ्या ट्रॅकची आहे. ॲबल्टन लाइव्ह हे स्टेजवर वाजवायचं सॉफ्टवेअर २००१ मध्ये आलं ते याच अडचणीवर उत्तर म्हणून लोकांनी उचललं. त्यात गाण्याचे तुकडे सुटे ठेवता येतात. एक तुकडा फिरत राहतो, तुम्ही पायाने पेडल दाबलं की पुढचा, तोही आवर्तनाच्या तोंडावरच. बुवा प्रमाणात रमले तर रमू देत, तुकडा तिथेच फिरत राहील. बोटाने ठोके देऊन (टॅप करून) त्याला लय सांगता येते. लाइव्ह ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, माईकमधून येणारा ठेका ऐकून स्वतःची लय हलवायची सोयही आहे.

आणि टिकटिक सगळ्यांच्या कानात घालायची गरज नाही. लय नसलेलं काय आहे ते लॅपटॉपवर ठेवा: तानपुरा, लांब सूर. ठेका माणसांच्या हातात राहू द्या.

येळ्ळूरचा पखवाज

माईक ऐकून लय धरणार म्हणता. बुवा आलापाला गेले की ठेका थांबतो, तेव्हा तो काय ऐकणार? मग टॅप करायला एक माणूस बसवायचा. त्याच माणसाच्या हातात टाळ दिला तर काय बिघडलं? मंडळात पोरं कमी होऊ लागलीत, त्यातला एक तुम्ही स्क्रीनसमोर बसवणार.

तानपुऱ्याचं म्हणाल तर त्याला माझी हरकत नाही. तेवढं मान्य.

खानापूरची पेटी

तुम्ही सगळे लयीवर भांडताय, सुराचं कुणी बोलतच नाही. पेटी वाजवणाऱ्या बाईच्या बाजूनेही बघा.

एका कार्यक्रमात आमचा सूर काळी एक ठरलेला. ट्रॅक सुरू झाला तो पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी. पेटीवर तो सूरच नाही! स्केल चेंजरची पट्टी सरकवली तरी तो सापडत नाही, कारण तो दोन स्वरांच्या फटीत आहे. गायिका माझ्याकडे बघतेय, मी साऊंडवाल्याकडे. नंतर कळलं ते असं: ट्रॅकचं प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झचं, इंटरफेस बाहेरच्या डिजिटल मिक्सरच्या क्लॉकवर (वेग ठरवणाऱ्या घड्याळावर) बांधलेला, आणि मिक्सर ४८ वर. त्यामुळे सगळं पावणेनऊ टक्क्यांनी जलद पळालं आणि सूर जवळजवळ दीड पट्टी वर गेला. पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत संपणार. आपल्या कानाला आधी वाटतं की गायिकाच कमी पडतेय. हा केवढा अन्याय आहे!

दुसरं म्हणजे जुन्या पेट्या. माझ्या पेटीचे सूर ४४० हर्ट्झ या नेहमीच्या मापावर नाहीत, थोडे चढे आहेत. ४४२ ला असलेली पेटी ४४० च्या ट्रॅकपेक्षा आठ सेंट वर असते (दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट). एकटं ऐकलं तर कळत नाही, पण लांब सूर धरला की दोघांत लाट उठते, वाँव वाँव. पेटीच्या आतली सूर देणारी पत्ती (रीड) स्टेजवर कुणी तासून बसवू शकत नाही. लॅपटॉपच हलला पाहिजे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याचा सूर सेंटमध्ये सरकवता येतो, दोन मिनिटांचं काम. करतं कोण? तालमीला पेटी आणि लॅपटॉप एकत्र आणतच नाहीत. लॅपटॉपवाला थेट कार्यक्रमाला येतो.

बंदी नको असेल तर तालमीला या, एवढंच माझं म्हणणं.

शहापूरकर

ताई, तालमीचं शंभर टक्के मान्य. पण पेटीवाल्यांनी तरी बंदीला हो म्हणू नये. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवरच बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळात आपल्या बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) पेटीच वाजवत होते. बंदी ऐकून हे वाद्य सगळ्यांनी खाली ठेवलं असतं तर आज तुमच्या हातात काय असतं?

खानापूरची पेटी

बंदी कशासाठी होती तेही लिहा ना. सूर आधीच बसवलेले, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (मधले बारीक सूर) नाहीत. ती उणीव खरीच होती. विजापुरे मास्तरांनी ती भात्याच्या दाबाने आणि बोटांनी भरून काढली. गाणारा पुढे, पेटी मागे, ही संगत. ट्रॅक लावला की गाणारा ट्रॅकच्या मागे धावतो. वाद्य कुठलंही असो, ते गाणाऱ्याचं ऐकतं की नाही हे मी बघते. तुमचा फिरणारा तुकडा ऐकत असेल तर आणा. बासरीचा आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला तुकडा ऐकत नाही.

अनगोळचा चित्ररथ

भजनाचं तुम्ही ठरवा. पण लॅपटॉप सरसकट वाईट म्हणाल तर मी भांडणार.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमचा सजीव देखावा ट्रॉलीवर असतो. संवाद आधी रेकॉर्ड केलेले, पात्रं त्यावर अभिनय करतात. पूर्वी सगळं एका पेनड्राइव्हवर, एकच लांब फाईल. चौकात गर्दी अडली, पुढचा रथ हलेना, की पोरगं बटण दाबून मागेपुढे शोधतंय आणि महाराज तलवार उपसून उभेच. आता प्रत्येक प्रसंग वेगळा तुकडा, एक कळ एक प्रसंग. रथ थांबला की युद्धाच्या आवाजाचा तुकडा फिरत ठेवतो, रस्ता मोकळा झाला की पुढचा संवाद. पात्रांनाही धीर असतो.

एक मात्र सांगतो. फायली पेनड्राइव्हवरून थेट वाजवू नका. दुसऱ्या पोर्टला लावला की ड्राइव्हचं अक्षर बदलू शकतं आणि सॉफ्टवेअर म्हणतं फाईल सापडत नाही. ॲबल्टनमध्ये सगळ्या फायली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गोळा करून सेव्ह करायची सोय आहे. ती वापरा, आणि फोल्डर लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवा.

आयोजकांपैकी एक

नियम लिहिणाऱ्यांत मी होतो, म्हणून उत्तर देणं माझं काम आहे.

गेल्या वर्षीचा तो ट्रॅक बंद पडला म्हणून नियम केला असं इथे सगळे धरून चालले आहेत. तसं नाही. जांबोटीकडच्या एका मंडळाकडे एक पेटी, एक मृदंग आणि टाळ, एवढंच होतं. त्यांच्यानंतर आलेल्या मंडळामागे बासरी, सतार, व्हायोलिन, सगळं लॅपटॉपातून. परीक्षकांनी गुण कशाला द्यायचे? वादन या रकान्यात त्या बासरीचे गुण कुणाच्या नावावर? बासरी वाजवणारा माणूस मंडळात नाही, तो कोण आहे हे मंडळालाही माहीत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक लॅपटॉप जोडायचा, आवाज तपासायचा, कुणाचा जॅक बसत नाही, कुणाचा आवाज एकाच बाजूने येतो. शेवटच्या मंडळाला मध्यरात्री म्हणायला लागतं, समोर चार माणसं उरलेली. तेही लांबून आलेले असतात हो.

सॉफ्टवेअर किती हुशार आहे हा आमचा प्रश्नच नाही.

शहापूरकर

गुणांचा मुद्दा बिनतोड आहे. रेकॉर्ड केलेल्या बासरीला वादनाचे गुण मिळू नयेत, हे मी मानतो. पण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा तुमच्या स्पर्धेत चालतो. तोच तानपुरा लॅपटॉपमधून आला की का चालत नाही? माझा आक्षेप या सरसकट शब्दांना आहे. "आधी रेकॉर्ड केलेलं वादन चालणार नाही, तानपुरा चालेल" असं लिहा ना.

हिंडलगा रेकॉर्डिंग

स्टेजवर लॅपटॉप नको या बाजूचा मी आहे, आणि माझं पोट लॅपटॉपवरच चालतं.

आधी जिवाची गोष्ट. जनरेटरवर कार्यक्रम असला की चार्जरमुळे स्पीकरमध्ये घूंऽऽ येतो, आणि कुणीतरी प्लगची तिसरी पिन काढून टाकतो. अर्थिंग तोडल्यावर घरघर थांबते हे खरं, पण बिघाड झाला तर करंट माईकच्या जाळीतून ओठाला लागतो. असं कधीही करू नका. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स आणा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (घरघर तोडायचं) बटण दाबा. डीआय नसेल तर चार्जर काढून भरलेल्या बॅटरीवर वाजवा.

आता माझं म्हणणं. लॅपटॉप भजनाला जरूर न्या, पण वाजवायला नाही, रेकॉर्ड करायला. कडोली, उचगाव, नंदगड, कुठेही जा, सत्तरी ओलांडलेल्या बुवांकडे अशा चाली आहेत की त्या लिहून ठेवलेल्या नाहीत. मंडळातली पोरं त्या मोबाईलवर घेतात. त्यात टाळ सोडून काही ऐकू येत नाही. आठ इनपुटचा इंटरफेस असेल तर प्रत्येक आवाज वेगळा घ्या. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला आठ ट्रॅकचा एक तास चार जीबीच्या थोडा वर जातो, म्हणजे काहीच नाही. यासाठी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर शोधू नका. रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, मग वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. मंडळाच्या वर्गणीतून होण्यासारखं आहे.

येळ्ळूरचा पखवाज

हे पटलं. आमच्या थोरल्या बुवांच्या गौळणीच्या चाली आता दोघातिघांनाच येतात. पण टाळाचं काय करायचं? प्रत्येक माईकमध्ये टाळच भरतात.

निपाणी साऊंड

माईक कार्डिऑइड घ्या. त्याला मागून कमी ऐकू येतं, म्हणून टाळकरी माईकच्या पाठीशी येतील असे बसवा. मृदंगाला दोन्ही तोंडांना एकेक माईक, वीतभर अंतरावर. बुवांचा माईक तोंडाजवळ. टाळांना वेगळा माईक देऊच नका, ते सगळीकडे येतातच.

रेकॉर्डिंगला बफर ५१२ किंवा १०२४ ठेवा, कानात मिक्सरवरून थेट ऐका. आणि गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते) लावताना सुरुवातीच्या शांत अभंगावर लावू नका. मंडळाला आधी एक गजर जोरात म्हणायला सांगा, त्यातला सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. फाटलेला आवाज नंतर कुणालाच शिवता येत नाही.

आयोजकांपैकी एक

तानपुऱ्याचा मुद्दा समितीपुढे ठेवतो. अट एक: तपासणीसाठी वेगळा वेळ मिळणार नाही, आणि डीआय बॉक्स मंडळाने स्वतःचा आणायचा. "आधी रेकॉर्ड केलेलं वादन" हे शब्द चांगले आहेत, पण फिरणारे तुकडे त्यात येतात की नाही यावर समितीत वाद होणार. माझं मत, येतात.

शहापूरकर

माझंही तेच मत झालंय. स्पर्धेपुरतं. मंडळाच्या स्वतःच्या कार्यक्रमात मी ते वाजवणार, आणि पेटीवाल्या ताईंच्या अटीप्रमाणे तालमीला लॅपटॉप घेऊन येणार.