डेव्हिस माउंटन्स, मोबाईलचा टॉर्च आणि फुकटचा थयथयाट

रातकिडा:
'टेक्सासातला महागडा अंधार' हा ह्यूस्टनकरांचा लेख वाचला. सारांश असा: नऊ-दहा तास गाडी हाणून डेव्हिस माउंटन्स या डोंगरांतल्या मॅक्डॉनल्ड वेधशाळेच्या स्टार पार्टीला (रात्री लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात ती) गेलो, मुलाने मोबाईलचा टॉर्च लावला तर तिथला माणूस खेकसला, आणि अवकाशात जेम्स वेब दुर्बीण असताना या टेकड्यांवर दुर्बिणी हव्यात कशाला? प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. चिरंजीवांनी सगळ्यांचा अर्धा तास एका बटणात घालवला. लाल दिवा चालतो, पांढरा नाही. आणि टेकड्या कसल्या? साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी उभा केलेला छोटासा टापू आहे तो, भोवती सगळं वाळवंट. 2000 मीटरच्या वर, कोरडी हवा. तिथल्या माउंट लॉक शिखरावर 1939 पासून वेधशाळेचं काम चालू आहे. अपोलो 11 ने चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर लेझर मारून अंतर मोजलं, तेही 1969 मध्ये इथल्याच 2.7 मीटरच्या दुर्बिणीतून. जेम्स वेबला जमेल का?

ह्यूस्टनकर:
पोरगं सहा वर्षांचं आहे हो. अंधारात ठेचकाळलं, म्हणून लावला टॉर्च. तिकीट काढून आलेल्याशी नीट बोलायला काय जातं? बाकी 1969 ची पुण्याई किती दिवस पुरवणार?

खवचट खान:
त्याच 2.7 मीटरच्या आरशावर 1970 मध्ये एका कर्मचाऱ्याने पिस्तुलाने गोळ्या झाडल्या होत्या. आरशाला खड्डे पडले, तरी काम चालू राहिलं. टॉर्चही पचेल.

जुन्नरी:
विनोद पुरे. शेजारच्या माउंट फाउल्क्सवर हॉबी-एबर्ली दुर्बीण आहे. 91 षटकोनी तुकड्यांचा आरसा, 11 बाय 10 मीटर. जेम्स वेबचा 6.5. कृष्ण ऊर्जेच्या (विश्वाचं प्रसरण वेगाने वाढवणारी अज्ञात ऊर्जा) अभ्यासासाठी दहा लाखांवर दीर्घिकांचा नकाशा करायचं काम तिचं. तिच्याच धर्तीवर दक्षिण आफ्रिकेत साल्ट ही दुर्बीण उभी राहिली आणि त्यात आपली पुण्याची खगोलसंस्था आयुका भागीदार आहे. तेव्हा 'आपल्याला काय त्याचं' म्हणू नका.
आमच्याकडे लहानपणी अंगणातून आकाशगंगा दिसायची. आता ढाब्यांचे फ्लडलाइट आणि गणपतीत लेझर.

खवचट खान:
आले, गणपतीवर आले! लग्नाच्या वरातीतले लेझर दिसत नाहीत वाटतं?

जुन्नरी:
तेही बंद करा. माझ्या भाच्याच्या डोळ्याला इजा झालीय, मला सण शिकवू नका.

मिडलंडवाला:
अंधाराचे पुजारी जमलेत म्हणून सांगतो. मी तिथून जवळच्या पर्मियन या तेलपट्ट्यात तेलविहिरींवर रात्रपाळी केलीय. अपुऱ्या उजेडात पाइप हाताळताना सोबत्याचं बोट गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. वेधशाळेवाले म्हणणार दिवे कमी करा. ह्यूस्टनहून गाड्या उडवत येता, त्यात पेट्रोल कोण भरतं?

रातकिडा:
दिवे विझवा असं कोण म्हणालं? खाली वळवा, वरून झाका. आभाळ उजळून तुमचं बोट वाचत नाही. वेधशाळेभोवतीच्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) तसे नियमच आहेत.

मिडलंडवाला:
नियम मला नका सांगू. आमच्या साइटवर दिव्यांना टोप्या बसवल्या, तेव्हा पहिली शिवी मीच घातली होती. डोळ्यांवर येणारी तिरीप गेली, पायाखालचं नीट दिसायला लागलं, हे मान्य. पण विहिरीतला नको असलेला गॅस जाळायचा फ्लेअर जळतो, त्याला कसली टोपी घालू?

रातकिडा:
तो गॅस जाळण्याऐवजी पाइपलाइनीत घाला.

मिडलंडवाला:
तुम्ही टाका पाइपलाइन, मी नारळ फोडतो.

ह्यूस्टनकर:
माझा धागा तेलात बुडाला. असो. शनीची कडी झकास दिसली होती, तेवढं लिहायचं राहिलं. पुढच्या वेळी लाल टॉर्च आणू, महाराज. ढग आले तर पेट्रोलचे पैसे कोण देणार? मिडलंडवाले?

रातकिडा:
जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळा. ऑक्टोबरनंतर जा, अमावास्या गाठून. आणि मुलाला दुपारी झोपवा.