१४० ला पडणारी चटई १२५ ला द्यावी का?

भाऊ, तुमच्या या 4000 चटयांच्या ऑर्डरवर वर सगळे 'खर्चाच्या खाली देऊच नका' म्हणताहेत, पण तुमचे 140 आधी फोडून बघा. प्लास्टिकचा दाणा-रंग 85, नगावरची मजुरी 15, जळेल तेवढ्या युनिटची वीज 8, पॅकिंग 4, म्हणजे 112. उरलेले 28 शेडभाडं, सुपरवायझरचा पगार आणि बँकेचं व्याज. महावितरणचा डिमांड चार्जही त्यातच, माग बंद असला तरी भरावाच लागतो. म्हणजे 125 ला दिली तरी नगामागे 13 सुटतात; 4000 चटयांचे 52,000.

हे अर्थात माग रिकामे असतील तरच. लग्नसराईत ही ऑर्डर घुसवलीत आणि नेहमीच्या 160 वाल्या 1000 चटया राहिल्या, की नगामागे 160 वजा 112, म्हणजे 48 प्रमाणे 48,000 तिथेच गेले. मग एवढी उरस्फोड कशाला?

मी जळगाव एमआयडीसीत एकदा अशीच ऑर्डर घेतली होती. 'माल राज्याबाहेर जाणार' म्हणून घेणाऱ्यानं सांगितलं, अन् पंधरा दिवसांत तीच डिझाइन धुळ्याच्या बाजारात. माझा जुना गिऱ्हाईक चटई खांद्यावर घेऊन शेडमध्ये हजर! तेव्हापासून स्वस्तातल्या ऑर्डरची साइज आणि काठ वेगळा ठेवतो. उधारी तर अजिबात नाही, 13 रुपयांत कसली उधारी? दाण्याचे पैसे आधी घ्या.