मदत हवी आहे: अतिवाहकावर तरंगणाऱ्या चकतीचं बारीक कंपन थांबत नाही

नमस्कार मंडळी,

एका नाजूक संवेदकाला जमिनीच्या कंपनांपासून वेगळं ठेवायचं आहे, तेही कुठेही स्पर्श न होता. रबर किंवा तेलाचे डॅम्पर (कंपन शमवणारे) चालणार नाहीत, कारण पुढे हे सगळं निर्वातात न्यायचं आहे.

मांडणी अशी: खाली द्रव नायट्रोजनमध्ये (७७ केल्विन) वायबीसीओच्या वड्या (इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, थंड केल्यावर विद्युत रोध शून्य होणारा अतिवाहक), वर निओडिमियम चुंबक लावलेली चकती. वजन साधारण ४०० ग्रॅम. १५ मिमीचा ठोकळा मधे ठेवून थंड करतो, मग ठोकळा काढला की चकती ८ मिमीवर स्थिरावते. आडवं ढकललं तरी जागेवर परत येते. वर-खाली होण्याची नैसर्गिक वारंवारता ११ हर्ट्झच्या आसपास.

अडचण ही की जोरात टिचकी मारली तर मोठा झोका पटकन खाली येतो, पण उरलेली थरथर संपता संपत नाही. मला नेमकी तीच नकोय. वड्यांवर तांब्याचा पत्रा चिकटवून उपयोग होईल का? की आणखी वड्या लावू?

प्रतिसाद १

वड्या वाढवू नका, त्याने ताठरपणा वाढेल आणि वारंवारता वर जाईल.

तुम्हाला दिसतंय ते अगदी अपेक्षित आहे. वायबीसीओत चुंबकीय फ्लक्सच्या (चुंबकीय क्षेत्राच्या) रेषा जागोजागी अडकलेल्या असतात. चुंबक थोडाच हलला तर त्या अडकल्या जागीच ताणल्या जातात आणि परत येतात, म्हणजे नुसती स्प्रिंग. जास्त हलला तर काही रेषा सुटून दुसरीकडे अडकतात आणि त्यात ऊर्जा जाते. बीनच्या मॉडेलनुसार (अतिवाहकात अडकलेल्या फ्लक्सचं साधं गणित) दर आवर्तनात जाणारी ऊर्जा आयामाच्या (झोका किती मोठा त्याच्या) घनाच्या प्रमाणात असते, साठलेली ऊर्जा मात्र वर्गाच्या. आयाम दहापट कमी झाला की ऊर्जेचा जाणारा हिस्साही दहापट कमी. म्हणून शेपूट लांबते. मायक्रॉनच्या पातळीवर अतिवाहकाकडून डॅम्पिंगची आशाच ठेवू नये.

तांबं हवंच. एडी करंटचा (हलत्या चुंबकामुळे तांब्यात फिरणाऱ्या प्रवाहांचा) विरोध वेगाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे लहान कंपनातही तेवढाच हिस्सा खातो. शिवाय शुद्ध तांब्याचा रोध ७७ केल्विनला खोलीच्या तापमानाच्या सात-आठपट कमी होतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त पत्रा वड्यांवर चिकटवू नका. अतिवाहक आपल्या पृष्ठभागातून जाणारा फ्लक्स बदलू देत नाही, तेच तर त्याचं काम! मग त्याला लागून असलेल्या पत्र्यातूनही फ्लक्स फारसा बदलणार नाही, आणि फ्लक्स बदलला नाही तर प्रवाह कुठून येणार? महागडं तांबं नुसतं बसून राहील. चकतीच्या वरच्या बाजूला वेगळे छोटे चुंबक लावा, शेजारचे ध्रुव उलटसुलट, आणि त्यांच्यासमोर चौकटीला पक्की केलेली तांब्याची प्लेट. जाडीचा फार हव्यास नको. ७७ केल्विनला ११ हर्ट्झसाठी स्किन डेप्थ (बदलतं क्षेत्र धातूत जिथवर शिरतं ती खोली) साधारण ७ मिमी येते, त्यापेक्षा बरंच जाड घेऊन विशेष फायदा नाही.

आणि डॅम्पिंग अती करू नका. नैसर्गिक वारंवारतेच्या १.४ पटीच्या वर, म्हणजे तुमच्याकडे साडेपंधरा हर्ट्झनंतर, जास्त डॅम्पिंग म्हणजे जमिनीचं जास्त कंपन वर पोचणं. डॅम्पिंगचं गुणोत्तर (क्रांतिक डॅम्पिंगच्या तुलनेत) ०.१ ठेवलं तरी नैसर्गिक वारंवारतेवरचं शिखर जमिनीच्या कंपनाच्या पाचपटीवर येतं. मी तिथून सुरुवात करेन.

एक शंका: संवेदकाची वायर कशी बाहेर काढली आहे? ताठ वायर असेल तर "विनास्पर्श" फक्त नावालाच.

मूळ लेखक

दोघांचेही आभार! वायर बारीक आहे, पण तिला सैल वळसा दिलेला नाही, तो देतो. वर वेगळी प्लेट लावण्याची कल्पना पटली. एक राहिलंच: वड्या नायट्रोजनमध्ये बुडलेल्या आहेत आणि तो सतत उकळत असतो. थरथर त्या बुडबुड्यांची असेल का?

प्रतिसाद १

असू शकते, आणि ओळखणं सोपं आहे. टिचकीनंतरचा आयाम लॉग मापावर काढा. सरळ उतरत गेला तर एडी करंटसारखं डॅम्पिंग. उतार हळूहळू मंदावत गेला तर अतिवाहकाचं. एका पातळीला येऊन तिथेच वळवळत राहिला तर कुणीतरी सतत ढकलतंय, म्हणजे बुडबुडे किंवा जमीन. बुडबुड्यांसाठी वड्या तांब्याच्या जाड ठोकळ्यावर बसवा आणि नायट्रोजन फक्त ठोकळ्याच्या खालच्या भागाला लागू द्या. निर्वातात जाताना हेच करावं लागणार आहे. नायट्रोजनचं भांडं मात्र कधीही हवाबंद करू नका, एक लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. खोलीही हवेशीर हवी.

आलेख इथे टाका, मग प्लेटच्या अंतराचं बघू.