पेपरलेस जिओकॅशिंग: हँडहेल्ड जीपीएस घ्यावा, की खिशातला फोनच पुरे?

बालाघाटी

मत आधी सांगतो, मग काय हाणायचं ते हाणा. बीड-धाराशिवकडच्या डोंगरात डबे शोधायचे असतील तर बटणांचा, पेन्सिल सेलवर चालणारा साधा हँडहेल्ड (हातात धरायचं जीपीएस यंत्र) घ्यावा. फोनच्या भरवशावर जाऊ नये आणि टचस्क्रीनच्या महागड्या मॉडेलात पैसे घालू नयेत.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश खेळाच्या साइटवर टाकतो, बाकीचे तो शोधून आतल्या वहीत नाव लिहून येतात. पहिला डबा ३ मे २००० ला अमेरिकेत ओरेगनमध्ये ठेवला गेला. त्याच्या आदल्या दिवशीच तिथल्या सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली होती, नाहीतर शंभर मीटरच्या घोळात डबा काय सापडणार? तेव्हा लोक प्रत्येक डब्याचं पान छापून न्यायचे. आता वर्णन, इशारा, अवघडपणाचे आकडे, आधीच्या लोकांचे शेरे, सगळं जीपीएक्स फाइलमधून (जीपीएसची माहिती साठवायची फाइल) थेट यंत्रात जातं. हेच पेपरलेस. पैसे भरून सभासद झालात तर एका पॉकेट क्वेरीत, म्हणजे साइटवरून एकगठ्ठा उतरवायच्या यादीत, १००० डबे मिळतात, प्रत्येकाचे शेवटचे ५ लॉग (शेरे) धरून.

माझी पसंती गार्मिन कंपनीचा ईट्रेक्स २२एक्स किंवा ३२एक्स. दोन सेल, कंपनीच्या हिशेबाने २५ तास, आणि स्क्रीन जितकं ऊन जास्त तितकी स्पष्ट. फरक होकायंत्राचा. २२एक्सला तुम्ही चालत असाल तरच दिशा कळते, थांबलात की बाण भरकटतो. ३२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे. डब्यापाशी पोचल्यावर माणूस उभाच असतो, म्हणून ३२एक्स. हात फारच आखडता असेल तर जुना ईट्रेक्स १० सेकंडहँड बघा. काळी-पांढरी स्क्रीन, नकाशे भरता येत नाहीत, पण पेपरलेस चालतं.

गोदाकाठ

साफ अमान्य. साहेब, तुम्ही सुचवलेली दोन्ही यंत्रं २०१९ ची. त्यांना फक्त जीपीएस आणि ग्लोनास हे दोनच उपग्रहसमूह कळतात. आजचा मध्यम किमतीचा फोन त्याशिवाय गॅलिलिओ आणि बायडू पकडतो, बऱ्याच फोनमध्ये आपलं नाविकसुद्धा आहे. उपग्रहाचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर वाचून जागा जास्त नेमकी सांगणारे फोन २०१८ पासून बाजारात आहेत. मग जास्त पैसे देऊन कमी उपग्रह का घ्यायचे?

सी:जिओ हे अँड्रॉइड अॅप फुकट आहे. घरून निघताना वायफायवर डबे साठवून घ्या, ओपनस्ट्रीटमॅपचा ऑफलाइन नकाशा उतरवा, झालं पेपरलेस. वर फोटोही दिसतात. पॉकेट क्वेरीच्या फाइलीत फोटो येत नाहीत, हे तुम्ही लिहिलंच नाही. अर्धे इशारे त्या फोटोतच असतात!

आणि १००० डब्यांची फाइल कशाला? मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मिळून डबे मोजकेच. ती यंत्रं युरोप-अमेरिकेत शोभतात, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे आणि तिथं लोक खरंच तेवढ्या-तेवढ्यावर ठेवतात.

बालाघाटी

@गोदाकाठ, नांदेडात घाटावर बसून फोन चांगलाच चालणार. आमच्या बीडकडच्या सौताड्याच्या दरीत उतरा एकदा मे महिन्यात. ४२ अंशांत फोन हातात धरून तासभर चाललं की तो तापतो, आधी स्क्रीन मंद करतो, मग "थंड होऊ द्या" म्हणून झोपतो. रेंज नसली की तो टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो. यंत्राचे सेल संपले तर फाट्यावरच्या टपरीत दोन सेल मिळतात. फोनची बॅटरी टपरीत मिळते का?

बाकी फोटोंचा मुद्दा बरोबर आहे.

कन्नडघाट

मी दोन्ही बाळगते. मधे पडायला म्हणून लिहीत नाहीये, गोदाकाठदादांना एका जागी पाठिंबा आणि एका जागी विरोध आहे म्हणून लिहितेय.

पाठिंबा उपग्रहांच्या संख्येला. आमच्या कन्नडकडे गौताळ्याच्या घळीत किंवा पितळखोऱ्याच्या बाजूला दोन्हीकडे कडे उभे राहतात तिथं आकाशाची एक पट्टीच दिसते. सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि जुनं यंत्र दहा-पंधरा मीटर सहज फेकतं. तिथं जास्त उपग्रह आणि दुसरी फ्रिक्वेन्सी कामाला येते. पण मग त्यासाठी गार्मिनचाच जीपीएसमॅप ६५एस आहे की, २०२० चा. गॅलिलिओ, नाविक, दोन फ्रिक्वेन्सी, बटणं, दोन पेन्सिल सेल. बालाघाटींनी तो यादीतून का गाळला?

विरोध याला की फोन म्हणजे सगळं. घळीत उतरताना दोन्ही हात दगडाला लागतात. फोन खिशातून काढायचा, कुलूप उघडायचं, घामेजलेलं बोट स्क्रीन ओळखत नाही. हँडहेल्ड गळ्यात असतो आणि पडला तर उचलून पुढं चालायचं.

एक सूचना दोन्ही पक्षांना. आपला दगड बेसाल्ट, त्यात लोहखनिज भरपूर. खडकाला चिकटून उभं राहिलात तर इलेक्ट्रॉनिक होकायंत्र खोटी दिशा दाखवू शकतं, फोनचं असो की ३२एक्सचं. दोन पावलं मागं या, यंत्र फिरवून होकायंत्र जुळवून घ्या, मग बघा. (आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांत कुणी डबा ठेवायला जाऊ नका हो. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे ते.)

परभणीचा_पोऱ्या

कामून एवढं भांडायलाव? माझ्यासारख्या कॉलेजच्या पोराला दोन्हीतलं काहीच परवडत नाही. घरात पडलेला जुना फोन आहे ना, काच तडकलेला, सिम काढून टाकलेला? त्याच्यात सी:जिओ टाका, एअरप्लेन मोड लावा, जीपीएस चालू ठेवा. टॉवर शोधायची भानगड नाही म्हणून बॅटरी लई टिकते. हातातला चांगला फोन घरच्यांना लोकेशन सांगायला शिल्लक ऱ्हातो. पडला तर रडायला कोणी नाही.

फक्त पहिल्यांदा उघड्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायचा. नेट नसलं की उपग्रह कुठं हायेत ते त्याला सरळ आकाशातून वाचून घ्यावं लागतं. पोरं दोन मिनिटांत "जीपीएस बिघडला" म्हणून बोंबलतात.

निवृत्त_सर्व्हेवाला

तुम्हा पोरांचं भांडण यंत्रावर चाललंय. माझी नोकरी मोजणीत गेली. आम्ही पाहिलेल्या चुका यंत्राच्या कमी आणि आकडे भरणाऱ्या बोटांच्या जास्त असायच्या.

पेपरलेसचा खरा फायदा कागद वाचण्याचा नाही. आकडे हाताने टाकावे लागत नाहीत, हा आहे. या खेळात स्थान अंश आणि दशांश मिनिटांत देतात. समजा डबा १९ अंश ५२.५०० मिनिटांवर आहे. दशांश अंशांत तो १९.८७५ होतो. घाईत कुणी १९.५२५ टाकलं, तर तो जवळजवळ ३९ किलोमीटर दक्षिणेला गेला. म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा डबा तुम्ही पैठणच्या थोडं अलीकडे शोधत बसणार. यंत्र २०१९ चं असो की कालचं, अंतर तेवढंच चुकणार.

दुसरं डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावरून मोजायचे ते. हँडहेल्डमध्ये ते डब्ल्यूजीएस ८४ असलं पाहिजे. कुणी जुनी टोपोशीट (सरकारी मोजणीचा नकाशा) समोर ठेवून हौसेनं एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर आधारलेलं भारतीय डेटम निवडलं, तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. सेकंडहँड यंत्र घेणाऱ्यांनी हे सेटिंग सर्वांत आधी बघावं, आधीच्या मालकानं काय करून ठेवलंय सांगता येत नाही.

आता कन्नडघाट ताईंच्या ६५एस बद्दल. मिनिटाचे तीनच दशांश लिहितात, आणि शेवटचा आकडा एकनं बदलला की अक्षांशात १.८५ मीटर सरकतं. त्यात लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक धरा, उघड्यावरसुद्धा तीन-चार मीटर. मुळात दिलेला आकडाच पाच मीटरच्या वर्तुळातला असताना शोधणाऱ्यानं दोन फ्रिक्वेन्सी विकत घेऊन काय साधणार? ज्याला डबे लपवायचेत त्यानं घ्यावं चांगलं यंत्र. त्यानं तिथं वेगवेगळ्या वेळी जाऊन सरासरीची सोय वापरून आकडा पक्का करावा, म्हणजे बाकीच्यांचं साध्यावर भागतं.

कन्नडघाट

काका, उघड्या माळावर तुमचं शंभर टक्के. घळीत नाही पटलं. लपवणाऱ्यानं पाच मीटरची चूक केली आणि माझ्या यंत्रानं पंधराची, तर मी चुकीच्या कपारीत हात घालतेय. आपल्याकडे कपारीत फुरसं असतं, विंचू असतो. मला दहा मीटर कमी शोधायचेत, त्याचेच पैसे देते मी. आणि हात घालायच्या आधी काठी घाला, हे सगळ्यांनाच.

गोदाकाठ

काकांनी माझंच काम सोपं केलं. पाच मीटरच्या आत यंत्र कुणाचंही असो, शेवटी डोळेच लागतात. मग साधं तर साधं, फुकटचं काय वाईट? परभणीच्या भावाचा जुना फोन माझ्या मते या धाग्यातला सर्वांत शहाणा सल्ला.

तापण्याबद्दल: मे महिन्यात दुपारी बाराला सौताड्याला जातंच कोण? पहाटे निघा, नऊला परत. यंत्र टिकेल हो, माणसाचं काय?

लातूरची_तेजू

परदेशातल्या भावाकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, वादात पडत नाही. जीपीएसमॅप ६६आय आणि ६७आय यांच्या नावात शेवटी जो "आय" आहे तो बघा. त्यांत इरिडियम उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असते. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं बेकायदा आहे, आणि ते सामानात सापडलं म्हणून परदेशी प्रवासी विमानतळावर पकडले गेलेत. नुसता ६७ चालतो, कारण तो उपग्रहाचा सिग्नल फक्त घेतो. दुकानदार "वरचं मॉडेल घ्या, संकटात मदत मागता येते" म्हणतील. त्यांचं ऐकू नका.

परभणीचा_पोऱ्या

बाप रे. माझा मामा दुबईहून यायलाय, त्याला हेच सांगणार होतो.

बालाघाटी

तेजूताई, हे फार बरं झालं लिहिलंत.

६५एस का गाळला त्याचं उत्तर. गाळला कारण धागा पहिलं यंत्र घेणाऱ्यासाठी आहे, आणि त्या किमतीला नवीन माणूस खेळच सोडून देईल. घळीत रोज फिरणाऱ्यानं जरूर घ्यावा, ताई, तुमचं म्हणणं पटतं.

गोदाकाठ, माझ्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या रानात मी दुपारीच जातो, कारण तेव्हा ते झाडाखाली बसलेले असतात आणि विचारून आत जाता येतं. पहाटे कुणाच्या बांधावर खाली वाकून दगड उचलताना दिसलात तर तुम्हाला चोर समजतील. आणि जुन्या फोनच्या गोष्टीत एक मेख आहे: जुन्या फोनची बॅटरीही जुनीच असते. ३० टक्क्यांवरून एकदम बंद. पेन्सिल सेल मी रिचार्जेबल वापरतो, यंत्रात सेलचा प्रकार निवडायचं सेटिंग आहे, तो बरोबर निवडला की किती उरलंय ते खरं कळतं.

गोदाकाठ

पॉवरबँक नावाची वस्तू बीडला पोचली नाही का अजून?

बालाघाटी

पोचली. उन्हात तीही तापते.

परभणीचा_पोऱ्या

दादा, एक सांगा. सेकंडहँड ईट्रेक्स घेतला तर फाइल टाकायला वायर कोणती? टाइप-सी चालंल का?

बालाघाटी

नाही. १०, २२एक्स, ३२एक्स सगळ्यांना मिनी-यूएसबी. मायक्रो नव्हे, मिनी, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला असायची ती. नुसतं चार्जिंग करणारी आणू नका, डेटा जाणारी पाहिजे. कॉम्प्युटरला लावलं की पेनड्राइव्हसारखं उघडतं, गार्मिन फोल्डरच्या आत जीपीएक्स फोल्डर आहे, फाइल त्यात टाका. परत आल्यावर गार्मिन फोल्डरमध्येच, जीपीएक्सच्या बाहेर, जिओकॅश व्हिजिट्स नावाची टेक्स्ट फाइल मिळेल. कोणता डबा किती वाजता सापडला ते तिच्यात नोंदलेलं असतं, ती साइटवर चढवली की लॉगचे कच्चे मसुदे तयार.

निवृत्त_सर्व्हेवाला

आणि घेतल्याबरोबर डेटम बघ रे बाळा.