बडोद्यात राहिलेले बारीन घोष पुढे अंदमानला गेले, तिथला दिवस कसा असायचा?

दांडियाबाजारवाली:
काल लेकीला घेऊन अरविंद निवासात, म्हणजे श्री अरविंद राहायचे त्या घरी, गेले होते, तिचा शाळेचा प्रोजेक्ट आहे. येताना तिथले लोक सांगत होते की श्री अरविंदांचा धाकटा भाऊ बारीन पण काही दिवस बडोद्यात त्यांच्याकडे राहिला होता आणि पुढे काळ्या पाण्यावर गेला, तर ती म्हणते आई तिथे नक्की काय करायला लावायचे, नुसतं कोंडायचे का, आणि इतका बंडखोर माणूस तिथे गेल्यावर बंड करणार तरी कसं? मला कोलूशिवाय, म्हणजे तेलाच्या घाण्याशिवाय, काही सांगता येईना. कोणी नीट वाचलंय का?

रावपुराकर:
ताई, बारीनना आधी फाशीच झाली होती. मे १९०८ मध्ये कलकत्त्यात पकडले, पुढच्या मे महिन्यात फाशी सुनावली, अपिलात जन्मठेप झाली आणि अंदमानला रवाना. मी सेल्युलर जेल बघून आलोय. कोठडी १३.५ बाय ७.५ फूट, झरोका एवढा उंच की हात पोचत नाही, आणि दरवाजातून समोर दिसते ती दुसऱ्या इमारतीची पाठ, म्हणजे माणसाला माणसाचं तोंड दिसू नये अशीच बांधणी. काम म्हणजे नारळाचा छिलका कुटून काथ्या काढायचा नाहीतर कोलू, बैलाच्या जागी माणूस, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. तिथे कोलू ठेवलाय, त्याच्या दांड्यावर नुसता हात ठेवला तर मला पुढे बोलता येईना.

घडियाळी_पोळ:
लेकीच्या दुसऱ्या प्रश्नाला नंदगोपाल हे उत्तर आहे. अलाहाबादच्या स्वराज्य पेपरचे संपादक, लिहिल्याबद्दल काळं पाणी. सकाळी १० ते १२ जेवणाची आणि विश्रांतीची वेळ जेलच्या नियमातच होती पण तेल पुरं करायचं म्हणून सगळे दोन घास गिळून परत कोलूला लागायचे. हे मात्र निवांत बसले, एकेक घास चावून खाल्ला, जेलर बारी ओरडत आला तर त्याला त्याचाच नियम सांगितला, आणि कोलूही आपल्या चालीनेच फिरवला. शिक्षा व्हायची ती झालीच. पण मग बाकीचेही काम नाकारायला लागले, संप झाले. ननीगोपाल नावाच्या कोवळ्या पोराने अन्न सोडलं तर नळीने दूध घालायचे. उल्हासकर दत्त, बारीनबरोबरच शिक्षा झालेले, त्यांनी काम नाकारलं म्हणून हात वर बांधून उभं केलं, अंगात सणसणून ताप, आणि १९१२ मध्ये त्यांचं डोकंच फिरलं, वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. लेकीला हेही सांगा, लपवू नका. नुसता विजय सांगितला की त्या माणसांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

रावपुराकर:
बरोबर. बारीन सुटले १९२० मध्ये, म्हणजे दहा वर्षांवर तिथेच.

सूरसागर_काकू:
एक राहिलं बघा, अंदमान म्हटलं की सगळे सेल्युलर जेलच धरतात, पण ती तर १९०६ ला बांधून झाली. १८५७ च्या बंडातले २०० कैदी मार्च १८५८ मध्येच तिथे उतरवले होते, जेल नाही काही नाही, जंगल तोडायला लावलं त्यांना. ताप आणि उपासमारीने कितीतरी गेले, पळाले ते पकडून फासावर गेले. त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत गं, प्रोजेक्टमध्ये एक पान त्यांना दे म्हणावं.

दांडियाबाजारवाली:
खूप आभार सगळ्यांचे. काकू, पान देतीये ती. सगळं वाचून दाखवलं तर उठून शिवणाच्या डब्यातला टेप आणला, हॉलमध्ये खडूने १३.५ बाय ७.५ आखलं, आणि आत जाऊन बसलीये, अजून उठली नाही.