घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा / हॉस्पिस चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं? (पुणे)

वाईकर_सध्या_पुण्यात
वडील ७९ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. मध्ये कावीळ झाली म्हणून पित्ताच्या नळीत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी) टाकला, ती उतरली. दोन केमोनंतर बाबांनीच बास म्हटलं. ऑन्कॉलॉजिस्टही (कॅन्सरचे डॉक्टर) म्हणाले, आता त्रास कमी ठेवण्याकडे बघू. यालाच पॅलिएटिव्ह सेवा म्हणतात, आणि शेवटच्या टप्प्यात ती देणारी सोय म्हणजे हॉस्पिस. बाबांना सगळं माहीत आहे. पोटात आणि पाठीत दुखतं, रात्री जास्त. पुढे वाकून बसले की थोडा आराम पडतो.

घरी मी, बायको आणि आई. आईचे गुडघे गेलेत, तिच्याकडून उचलणं-बसवणं होत नाही. आम्ही दोघं नोकरी करतो. महिना ३५ हजारांपर्यंत खर्च झेपेल, त्यापुढे खरंच नाही.

घरी सेवा देणाऱ्या तीन कंपन्यांशी बोललो. तिघंही चोवीस तास सेवा, अनुभवी स्टाफ, प्रेमळ काळजी असंच सांगतात. यातली चांगली कोणती हे कशावरून ठरवायचं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

पूर्वा_कर्वेनगर
काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्ही सासूबाईंसाठी घरीच पूर्ण आयसीयू उभारलं होतं. मॉनिटर, ऑक्सिजन, सक्शन मशीन, दोन शिफ्टला नर्स, सगळं एकाच कंपनीकडून. महिन्याला लाखाच्या वर गेलं पण एक मिनिट काळजी वाटली नाही. पैशाकडे बघू नका, ही वेळ परत येत नाही. मॉनिटर मात्र हवाच, नाहीतर तुम्हाला कळणार कसं?

नाना_डोंबिवली
वांद्र्याचं शांती अवेदना सदन. भारतातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासून. एक पैसा घेत नाहीत. माझे मेहुणे तिथेच होते. स्वच्छता बघून डोळ्यात पाणी आलं होतं. दुसरीकडे कुठे शोधू नका.

वाईकर_सध्या_पुण्यात
नानाकाका, आम्ही पुण्यात आहोत. आईला मुंबईला रोज नेणं शक्य नाही.

नाना_डोंबिवली
गोव्यातही त्यांची शाखा आहे.

गायत्री_वारजे
पुण्यात असून कुणी सिप्ला सेंटरचं नाव कसं घेतलं नाही? वारज्यात आहे, १९९७ पासून, कॅन्सर पेशंटसाठी, मोफत. बाग आहे, डॉक्टर येऊन बसून बोलतात. माझ्या आत्याचं दुखणं तिथे गेल्यावर आटोक्यात आलं. फक्त घरातलं एक माणूस सोबत राहायला लागतं. तिथे तेच योग्य मानतात, पेशंट एकटा पडत नाही आणि घरच्यांनाही काळजी कशी घ्यायची ते शिकवतात.

भूल_आणि_वेदना
मी भूलतज्ज्ञ आहे, वेदनांचे पेशंट बघतो. वाकून बसल्यावर बरं वाटणं, पाठीत कळ जाणं हे स्वादुपिंडाच्या दुखण्यात नेहमी दिसतं. त्यामुळे कुठल्याही सेवेला पहिला प्रश्न हा: तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का, आणि ते लिहून देणारे डॉक्टर स्वतः येऊन पेशंट बघतात का? मॉर्फिन ठेवायला संस्थेला मान्यता लागते. २०१४ साली एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात बदल झाल्यापासून ते बरंच सोपं झालंय, तरी अनेक जण त्या वाटेला जात नाहीत आणि ट्रॅमाडॉलसारख्या सौम्य वेदनाशामकावरच पेशंटला ठेवतात. मॉर्फिनची गोळी अगदी स्वस्त आहे, पैशाचा प्रश्नच नाही. 'आमच्याकडे पॅच आहे' एवढंच उत्तर आलं तर पुढचं विचारा. फेंटानिल या वेदनाशामकाचा कातडीला चिकटवायचा पॅच तीन दिवस चालतो, पण लावल्यावर असर यायला बरेच तास जातात. मध्येच कळ उठली तर द्यायला काय ठेवलंय? त्याचं उत्तर नसेल तर ती सेवा कच्ची.

आणि मॉर्फिन सुरू करतानाच पोट साफ व्हायचं, म्हणजे जुलाबाचं औषध सोबत लिहिलंय का ते बघा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. जो डॉक्टर हे पहिल्या दिवशी लिहितो त्याने असे पेशंट सांभाळलेले असतात.

ऑन्कॉलॉजिस्टना सीलिअॅक प्लेक्सस ब्लॉकबद्दलही (पोटातली वेदना नेणाऱ्या नसांच्या जाळ्यापाशी द्यायचं इंजेक्शन) विचारून ठेवा. स्वादुपिंडाच्या दुखण्यात या इंजेक्शनचा पुष्कळांना उपयोग होतो आणि गोळ्या कमी लागतात.

पूर्वाताई, मॉनिटरबद्दल माझं मत वेगळं आहे. या टप्प्यावर घरचे पेशंटकडे बघायचं सोडून आकड्यांकडे बघत बसतात.

पूर्वा_कर्वेनगर
आम्हाला मॉनिटरमुळेच धीर होता. ज्याचा त्याचा अनुभव.

एक_सातारी
मॉर्फिन जपून. आमच्या काकांना सुरू केलं आणि चार दिवसांत ते गेले. शेवटी शुद्धीवरच नव्हते. सवय लागते ती वेगळीच.

भूल_आणि_वेदना
तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं. पण आपल्याकडे मॉर्फिन फार उशिरा सुरू होतं, म्हणून लोकांना वाटतं त्यानेच माणूस गेला. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलं तर पेशंट उठून बसतो, जेवतो, नातवंडांशी बोलतो. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, मग कमी होते. आणि कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली दिलेल्या औषधाला व्यसन म्हणू नका. या भीतीपायी किती माणसं तळमळत जातात ते मी रोज बघतो.

एक_सातारी
मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं.

शुभदा_नाशिक
ब्यूरोची (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई आणि पॅलिएटिव्ह सेवा यात गल्लत करू नका! आमच्याकडे 'नर्स' म्हणून पाठवलेली मुलगी नर्स नव्हतीच. तिला कॅथेटरची पिशवी रिकामी करता येत नव्हती. दर आठवड्याला नवीन बाई, प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. बाबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं म्हणून भिंतीवर कागद लावला होता, तरी पाठीला जखम झालीच. कंपनीला फोन केला तर दुसरी बाई पाठवतो म्हणाले. जखमेचं काय, यावर शब्द नाही. पैसे आगाऊ घेतले होते ते परत मागितले तर फोनच उचलेनात. येणाऱ्या माणसाचं नर्सिंगचं शिक्षण काय, रजिस्ट्रेशन नंबर काय, हे लेखी घ्या.

गायत्री_वारजे
म्हणूनच म्हणते, सिप्ला सेंटर.

जर्सीवाला
नमस्कार, न्यू जर्सीहून. इथे आईच्या वेळी मेडिकेअरमधून (इथला सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिस मिळालं. सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, मग नर्स, औषधं, कॉट सगळं घरी येतं. सरकारी साइटवर प्रत्येक हॉस्पिसची माहिती असते आणि पेशंट गेल्यावर घरच्यांना पाठवलेल्या सर्वेक्षणाचे गुणही. त्यात एक मोजमाप मला फार बोलकं वाटलं: पेशंटच्या शेवटच्या तीन दिवसांत नर्स किंवा सोशल वर्कर निदान दोन दिवस घरी आले का? दाखल करून घेताना सगळे गोड बोलतात. शेवटच्या तीन दिवसांत कोण आलं हे विचारा.

आणखी एक. इथे पहिल्याच आठवड्यात औषधांची छोटी पेटी घरात आणून ठेवतात. दुखणं, धाप, घशातली घरघर, मळमळ, बेचैनी या सगळ्यांवरची औषधं त्यात असतात. रात्री काही झालं की फोन करायचा, नर्स सांगेल तसं द्यायचं. भारतात मागून बघा.

नाना_डोंबिवली
इथे अशी रेटिंग नाहीत हो. अमेरिकेचं सांगून काय उपयोग. तिथे कंपन्या नफ्यासाठी हॉस्पिस काढतात असंही वाचलंय.

जर्सीवाला
काढतातच. म्हणून तर मोजमाप बघायचं. तुमच्याकडे रेटिंग नसेल तर ज्यांच्या घरी माणूस गेलाय अशा दोन कुटुंबांचे नंबर त्या कंपनीकडे मागा. त्या कुटुंबांची परवानगी घेऊनच देतील, पण ज्यांनी काम नीट केलंय त्यांना देता येतात.

मंदार_एल
कुणी न सांगितलेली गोष्ट सांगतो. मृत्यूचा दाखला. आजी पहाटे घरी गेली. ज्या कंपनीची सेवा होती त्यांचे डॉक्टर म्हणाले, आम्ही दाखला देत नाही, आमच्या करारात नाही. फॅमिली डॉक्टर गावाला. शेजारच्या डॉक्टरांनी आजीला कधी पाहिलेलं नव्हतं, ते कसे सही करतील? दुपारपर्यंत आम्ही नमुना ४अ साठी वणवण केली, आजीला तसंच ठेवून. घरी मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र याच नमुन्यात लागतं, स्मशानात मागतात. आधीच विचारून ठेवा: अपरात्री असं झालं तर सही कोण करणार, नाव सांगा.

शुभदा_नाशिक
अगदी. आणि करारात बारीक अक्षरांत काय काय असतं ते वाचा.

वकीलीण_ठाणे
दाखल्यासोबत लिव्हिंग विलही करून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. व्हेंटिलेटर नको, अन्नाची नळी नको, हे काकांनी शुद्धीत असताना लिहिलं की ऐन वेळी नातेवाइकांत भांडण होत नाही. माझ्या माहितीत भाऊ-भाऊ आयसीयूच्या दारात भांडलेत.

पूर्वा_कर्वेनगर
नळी नको म्हणजे उपाशी ठेवायचं का? आम्ही शेवटपर्यंत नळीने सूप दिलं. आपल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं?

मी_परिचारिका
मी वीस-बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच कॅन्सर वॉर्डात. पूर्वाताई, तुमची माया कळते. पण शेवटी शेवटी शरीरच अन्न मागत नाही. तेव्हा बळेच दिलं तर पोट फुगतं, उलटी होते, छातीत पाणी साठतं. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, चमचाभर पाणी, आवडीचं काही जिभेवर. त्या माणसाला त्याचंच बरं वाटतं.

धागाकर्त्यांना एवढंच सांगते. माणसं पहिल्यांदा घरी येतील तेव्हा ती आधी कुणाशी बोलतात ते बघा. तुमच्या बाबांना सगळं माहीत आहे, तरी बाहेरच्या खोलीत तुमच्याशीच बोलून, पॅकेज सांगून निघाली तर परत बोलावू नका. चांगली नर्स कॉटजवळ बसेल आणि त्यांनाच विचारेल, कुठे दुखतं, झोप लागते का, भीती कशाची वाटते. मग तोंड उघडून बघेल. तोंडातले छाले कुणी बघत नाही आणि पेशंट जेवत का नाही म्हणून घर काळजीत असतं. शेवटी पाठ आणि टाचा बघेल.

अजून एक. एखाद्या रविवारी रात्री त्यांचा चोवीस तासांचा नंबर फिरवा. कोण उचलतं, पेशंटची फाइल त्याच्यासमोर आहे का, की नुसतं 'सकाळी डॉक्टरांना सांगतो' म्हणतो? आणि बाबांना स्टेंट आहे. थंडी वाजून ताप आला, परत पिवळे दिसायला लागले, तर तो तुंबला असेल. तेव्हा काय करायचं हे त्यांनी आपणहून काढलं तर माणसं जाणती आहेत.

एक_सातारी
हे नर्सताईंचं बरोबर वाटतं. काकांच्या वेळी कुणी तोंड बघितलंच नाही.

संजीवनी_काढा
एका वैद्यांचा पत्ता देऊ का? पानांच्या रसाने गाठी विरघळतात.

भूल_आणि_वेदना
कृपया नको. त्या माणसाला आता कडू रसांचा मारा नको आहे.

वाईकर_सध्या_पुण्यात
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

रविवारी रात्री तिन्ही नंबर फिरवले. एक लागला नाही, एकाने सकाळी बोला म्हटलं, तिसऱ्याने पेशंटचं नाव विचारून औषधांची यादीही वाचून दाखवली, कारण पहिल्या भेटीत त्यांनी ती लिहून घेतली होती. पण त्यांचं पॅकेज ६० हजारांच्या पुढे. सिप्ला सेंटरला जाऊन आलो. जागा आणि माणसं गायत्रीताई म्हणाल्या तशीच आहेत. सोबत राहायला मी रजा काढली असती. बाबांना नेऊन दाखवलंही. ते तिथल्या डॉक्टरांशी बराच वेळ बोलले आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, जागा चांगली आहे पण मला वाईला ने.

तर आम्ही वाईला जातोय. मी घरून काम मागून घेतलंय. तिथे काका-काकू, चुलतभाऊ, वाड्यात माणसांची ये-जा आहे. तिथले आमचे जुने डॉक्टर रोज डोकावायला तयार आहेत. घरी काही झालं तर नमुना ४अ वर सही मीच करीन, असं त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. पुण्यातल्या एका पॅलिएटिव्ह डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलंय, जुलाबाच्या औषधासकट. पंधरवड्याच्या गोळ्या आणि चिठ्ठी देताहेत, फोनवर दोन्ही डॉक्टर बोलत राहतील. जर्सीवाल्या दादांच्या पेटीचं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच यादी करून दिली, कशासाठी काय आणि किती, मराठीत. लिव्हिंग विल नोटरी करून झालं. ब्लॉकबद्दल विचारलं, पण बाबांना आता पुन्हा टेबलावर झोपायचं नाही. काल रात्री ते सलग झोपले.

पूर्वा_कर्वेनगर
वाईत ऑक्सिजन, आयसीयू काय मिळणार? मला हा निर्णय अजिबात पटत नाही. राग मानू नका.

गायत्री_वारजे
सेंटर दारात असताना इतकं लांब? आणि स्टेंट तुंबला तर?

वाईकर_सध्या_पुण्यात
ते बाबांसमोरच बोललो. ताप आला तर घरी अँटिबायोटिक सुरू करायचं, ते पेटीत आहे. तेवढ्याने उतरला नाही तर ताप आणि दुखणं कमी ठेवायचं, साताऱ्याला अॅडमिट करायचं नाही. हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलंय.

मी_परिचारिका
मग पुढचं बघू. जाड हवेची गादी, अल्फा बेड, पुण्यातूनच भाड्याने घेऊन जा. तिचा पंप विजेवर चालतो, वाड्यात इन्व्हर्टर आहे का? नसेल तर लाइट गेल्यावर गादी बसते आणि पाठ टेकते. गोळ्यांसाठी वही घाला: वेळ, मात्रा, दुखणं दहापैकी किती. मधल्या कळेला दिलेली जादा गोळीही त्यातच लिहा, त्यावरूनच डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात. चुलतभावाला कुशीवर वळवायचं आत्ताच शिकवा, तुम्ही एकटे पुरणार नाही.

वाईकर_सध्या_पुण्यात
इन्व्हर्टर आहे, पण जुना. उद्या बॅटरी बदलायला सांगतो. गादी शनिवारी घेतो.