मदत हवी आहे: उबुंटूवर रॅमचे स्लॉट आणि मशीनचा सिरियल नंबर कसा काढायचा? (अर्जंट)

लॅब_असिस्टंट: कॉलेजच्या लॅबमधले सगळे पीसी डेडस्टॉक रजिस्टरला चढवायचेत, ऑडिट तोंडावर आलंय. कुठल्या स्लॉटमध्ये किती रॅम आणि मशीनचा सिरियल नंबर, एवढंच हवंय. कॅबिनेट उघडत बसायला वेळ नाही. कमांड मारली तर सिरियल येतच नाही. नेमकी कमांड द्या, थिअरी नको.

टर्मिनल_तात्या: कुठली कमांड? सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) लावलं का? पीसी ब्रँडेड की असेंबल्ड? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पेंग्विन_कोकणी: इन्क्सी (मशीनची माहिती दाखवणारं टूल) टाका आणि 'डॅश एफ झेड' मारा. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं एका पानावर. मी दुसरं काही वापरतच नाही.

टर्मिनल_तात्या: अहो, त्या 'झेड'नं सिरियल नंबर गाळले जातात. चारचौघांत आउटपुट टाकायला ते बरं, रजिस्टरला काय कामाचं?

जुना_पीसी: त्या मशीनना एसएसडी बसवून घ्या सर. हार्डडिस्कवर उबुंटू रडत रडत चालतं.

लॅब_असिस्टंट: एसएसडीचं कोणी विचारलंय? असेंबल्ड आहेत. सुडो लावून डीएमआयडीकोड (हार्डवेअरची माहिती दाखवणारी कमांड) मारलं, सिरियलपुढे 'टू बी फिल्ड बाय ओईएम' येतं.

टर्मिनल_तात्या: हे आधी सांगायचं ना! डीएमआयडीकोड फक्त बायोसमधला एसएमबायोसचा तक्ता (बनवणाऱ्यानं भरलेली हार्डवेअरची माहिती) वाचतं. असेंबल करणाऱ्यानं तिथे नंबर भरलाच नाही, तर लिनक्स कुठून आणणार? 'डॅश टी बेसबोर्ड' मारून मदरबोर्डचा नंबर मिळतो का बघा. डिस्कचा नंबर एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये 'डॅश ओ'पुढे नेम, मॉडेल, सिरियल लिहून येईल. रॅमसाठी 'डॅश टी १७': दर स्लॉटची वेगळी नोंद येते, रिकाम्यापुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड'. 'टी १६' जास्तीत जास्त किती रॅम चालेल ते सांगतं, पण त्यावर विसंबून खरेदी करू नका, बोर्डाचं मॅन्युअल बघा.

नेटवर्क_अण्णा: एकेका मशीनवर कशाला बसायचं? जीएलपीआय (सगळ्या मशीनची नोंद ठेवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) उभं करा, मशीनवर त्याचा एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) टाका, पुढच्या वर्षीही कामाला येईल.

टर्मिनल_तात्या: ऑडिट दारात उभं असताना सर्व्हर उभारायचा? एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन) चालू असेल तर छोटी स्क्रिप्ट फिरवा, मशीनगणिक एक फाइल. बास.

नेटवर्क_अण्णा: आणि उद्या रॅम इकडची तिकडे झाली की परत स्क्रिप्ट? नोंद कायम चालू राहिली पाहिजे, माझं म्हणणं एवढंच.

पाय_वाला: मध्येच विचारतो, माझ्या रास्पबेरी पायवर (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) डीएमआयडीकोड काहीच दाखवत नाही.

पेंग्विन_कोकणी: पायला एसएमबायोस नसतोच. प्रॉक फोल्डरमध्ये डिव्हाइस-ट्री आहे, त्यातली मॉडेल ही फाइल कॅट कमांडनं वाचा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा.

लॅब_असिस्टंट: स्लॉट आले, डिस्कचे नंबरही आले. मदरबोर्डचा काहींचा आला, काहींपुढे 'डिफॉल्ट स्ट्रिंग', म्हणजे तिथेही नंबर भरलेला नाही. आता मॉनिटरचा सिरियल?

टर्मिनल_तात्या: ईडीआयडी-डिकोड (मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची जी माहिती देतो, म्हणजे ईडीआयडी, ती वाचणारं टूल) टाका आणि सिस फोल्डरमध्ये क्लास, डीआरएमखाली जोडलेल्या पोर्टची ईडीआयडी फाइल त्याला द्या. काही मॉनिटर त्यात खरा नंबर देत नाहीत, म्हणून मागच्या स्टिकरशी ताडून मगच रजिस्टरला चढवा.